जरा कुत्री हाईत

मराठीत ‘जरा’ या शब्दाइतका नम्र आणि तितकाच बेभरवशाचा शब्द दुसरा नसावा. ‘जरा बसा’ म्हणतात आणि दीड तास बसवून ठेवतात. ‘जरा तिखट झालाय’ म्हणत वाढलेला रस्सा नाकाडोळ्यांतून पाणी काढतो. निपाणीच्या आमच्या घराला भाडेकरू मिळाल्याचं सांगायला एजंटाचा फोन आला, तेव्हा हा शब्द असाच अंग चोरून वाक्यात येऊन बसला होता. “काकू, माणसं लई चांगली हाईत. नवरा-बायको दोघंच. त्यो हायवेच्या कामावर इंजिनिअर हाय. फक्त जरा कुत्री हाईत.” जरा म्हणजे किती, असं मी विचारलं. “दोनच की.” मग जरा कशाला म्हणालात? पलीकडे तो थोडा घुटमळला. “तसं न्हवं, काकू. जरा मोठी हाईत.”

आई गेल्यावर ते घर तीन वर्षं कुलपात होतं. मी बेळगावात टिळकवाडीत, घर पाऊणशे किलोमीटरवर. महिन्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, झुरळांची चौकशी करायची आणि खिडक्या लावून परत यायचं. शेवटी फाटकावर पाटी लावली. वर मराठीत ‘घर सामानासह भाड्याने देणे आहे’, खाली कन्नडमध्ये ‘मने बाडिगेगे इदे’. पाटी रंगवून घेताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की भाडं आणि बाडिगे ही एकाच आईची दोन लेकरं वेगवेगळ्या घरी दत्तक गेल्यासारखी दिसतात. नाकीडोळी तीच, फक्त बोलणं निराळं. ‘फर्निश्ड’ हा शब्द मात्र एजंटाचा. खरं सांगायचं तर आमचं घर फर्निश्ड नव्हतं, आवरायचं राहून गेलेलं होतं. सोप्यात पितळी कड्यांचा झोपाळा, वडिलांची शिसवी आरामखुर्ची, माजघरात सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. त्यावर आमच्यापैकी कोणी कधी जेवलं नाही. आम्ही पाटावर बसायचो आणि टेबलावर लोणच्याच्या बरण्या, वाळवणाची सुपं आणि मागच्या चार लगीनसराईंच्या पत्रिका बसायच्या.

ठरलेल्या दिवशी फाटकाशी एक गाडी थांबली. तिच्यातून ग्रेट डेन उतरला असं म्हणता येणार नाही. लग्नघरी गडी जाजम पसरतात तसा तो उलगडत गेला, आणि पुरता उलगडला तेव्हा खांद्यापाशी तीस इंचांच्या वर भरला. याचं नाव बारक्या. त्या वेतातलं ते सगळ्यांत लहान पिल्लू होतं म्हणे, आणि मोठं झाल्यावर नाव बदलायची सवड कोणाला झाली नाही. त्याच्यामागून उतरली ती मुधोळची राणी. शाईच्या एका रेघेत काढल्यासारखी सडपातळ, तिला पोट होतं की नाही अशी शंका यावी. इंजिनिअरने तिची कुळकथा सांगितली. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान, आता बागलकोट जिल्ह्यात. राजे मालोजीराव घोरपड्यांनी या जातीची कुत्री पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली असं सांगतात, आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळलाही मान मिळाला. मी मान डोलावत ऐकत राहिले. आमच्या घराण्याचा टपालाशी संबंध एवढाच, की माझे एक मामा पोस्टात होते.

उंबरा ओलांडताच बारक्या शिंकला. एकदा नव्हे, लागोपाठ सात वेळा. त्याचा दोष नव्हता. माझे वडील अडतीस वर्षं तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या सदऱ्याबरोबर वखारीचा खकाणाही घरात येई, आणि तो गाद्यांत, कपाटांत, वासाखांबांच्या चिरांत मुक्कामाला राहिला. आम्हाला तो कधी जाणवला नाही; निपाणीच्या माणसाचं नाक त्यातच वाढतं. आईच्या शास्त्राप्रमाणे उंबऱ्यावर एक शिंक म्हणजे अपशकुन आणि दोन म्हणजे शुभ. सातांचं काय, हे तिने सांगून ठेवलं नव्हतं.

कोर्टाजवळच्या टायपिस्टाकडे करार करायला गेलो. अकरा महिन्यांचा. एक वर्षाच्या वर गेलं की १९०८च्या कायद्याने नोंदणी आली, म्हणून आपल्याकडे भाडेकरूंचं वर्ष बिचारं एक महिना लवकर संपतं. माझ्या वकील भाच्याने आधीच ऐकवलं होतं, की सोसायट्यांना कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, तसं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केलंय. पण या घराची सोसायटी म्हणजे मी एकटीच. ठराव मांडणारी मी आणि विरोध करणारीही मीच. टायपिस्टापुढे वेगळाच पेच होता. कुत्री लिहायची कुठे? राहणाऱ्या माणसांत लिहावीत तर ती माणसं नव्हती, आणि सामानाच्या यादीत लिहावीत तर ते सामान माझं नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ विचार केला आणि फ्रिजच्या पुढे स्वल्पविराम देऊन त्यांना तिथे बसवलं. अकरा महिने ती दोघं कायद्याच्या लेखी फ्रिज आणि मिक्सर यांच्यामध्ये राहिली.

यादीचा हट्ट मात्र इंजिनिअरचा. रस्त्याचा माणूस, खड्डे मोजायची सवय. प्रत्येक वस्तूवर आज कुठे काय ओरखडा आहे ते लिहून ठेवू, म्हणजे जाताना तुमचं-आमचं व्हायला नको, असं तो म्हणाला. एका रकान्यात वस्तू, दुसऱ्यात डाग-ओरखडे, तिसऱ्यात ‘जुने’ किंवा ‘नवे’. मला आवडलं. कुत्र्यांच्या नखांविरुद्ध हा चांगला पुरावा होणार होता. मग आम्ही खोलीखोलीतून फिरलो आणि मला जरा, म्हणजे खरोखरचं जरा, ओशाळल्यासारखं झालं. आरामखुर्चीच्या उजव्या हातावर पांढरट चट्टे : वडील चुन्याचं बोट तिथे पुसत. जुने. कपाटाच्या दाराला आतून कर्कटकाने कोरलेलं माझं नाव, त्यातला रफार राहून गेलेला. जुने. माजघरातल्या शहाबादी फरशीचा उडालेला टवका : माझ्या दहावीचा निकाल ऐकून आईच्या हातून बत्ता पडला होता. आनंदाने की धक्क्याने, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. जुने. पुढच्या दाराच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला एक काळपट तेलकट डाग होता. “इथे ओल येतेय काय?” त्याने बोटाने चाचपत विचारलं. ओल नाही, जुनंच आहे ते, असं म्हणून मी पुढच्या खोलीत गेले. दोन्ही कुत्री आमच्या मागून शिस्तीत फिरत होती. यादी पुरी झाली तेव्हा दिसलं, की चाळीस वर्षं या घरात मोकाट सुटलेले प्राणी आम्हीच होतो.

भाडं बँकेत जमा व्हायचं, तरी मी दर महिन्याला निपाणीला जात राहिले. निमित्त कुंद्याचं. बेळगावहून जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे, आणि कुंद्याचा डबा हातात असला की तपासणीला आलेला माणूसही पाहुणा दिसतो. पहिल्याच भेटीत जेवणाच्या टेबलाला त्याचा धनी सापडलेला दिसला. टेबलाची उंची तीस इंच, त्यामुळे बारक्याची हनुवटी मान जराही न वाकवता त्यावर टेकायची. बरण्या हटल्या होत्या, ते दोघं टेबलावर जेवत होते आणि तिसरा डोकं ठेवून भाकरीकडे पाहत होता. मागायचा नाही, फक्त साक्षीदार म्हणून हजर. राणीने आरामखुर्ची घेतली होती. कापडाच्या झोळीत ती अशी मुरून झोपायची, की खुर्चीच्या हातांवर पाय टाकून पेपर वाचणाऱ्या माणसाची आठवण व्हावी. चुन्याच्या चट्ट्यापाशी तिचं नाक असायचं.

त्या घरात भाषा तीन. इंजिनिअर विजयपूरकडचा, तो कन्नड बोलायचा. बायको सोलापूरची, ती मराठी. आणि दोघं एकमेकांशी त्या दिवशी जी हाताशी येईल ती. कुत्र्यांना सगळं कळायचं. “बारक्या, बा इल्ली,” म्हटलं की तो यायचा, “कुंद्रु,” म्हटलं की बसायचा, आणि “शहाणा माझा,” हे ऐकलं की शेपटीने टीपॉयवरचे पेले खाली पाडायचा. कुठल्या भाषेत हाक मारली याचा राग त्याला कधी आलेला मी पाहिला नाही. तो फक्त आवाजातलं प्रेम मोजायचा, आणि बिस्किटं.

सकाळी त्यांची फेरी अर्जुननगरच्या दिशेने असे. परक्या माणसाला आमचा हा भूगोल समजावून सांगणं अवघड आहे. देवचंद कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण उभं आहे अर्जुननगरात. म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. निपाणीची पोरं दुसऱ्या राज्यात जाऊन शिकतात आणि भूक लागली की आपल्या राज्यात येऊन जेवतात. मीही तशीच शिकले. १९५६ साली राज्यं आखली गेली, १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं लिहून ठेवलं, बेळगाव मात्र होतं तिथेच ठेवलं, आणि २००४पासून हे सगळं सर्वोच्च न्यायालयात आहे. जागेवरून चाललेले खटले लांबतात म्हणतात, पण हा त्या सगळ्यांचा थोरला भाऊ. बारक्या या कशाचीही वाट न पाहता रोज साडेसहाला महाराष्ट्रात जायचा, तिथल्या एका ठरलेल्या झाडाशी पाय वर करायचा आणि कर्नाटकात परत येऊन पाणी प्यायचा. दोन्ही राज्यांनी त्याबद्दल कधी पत्रव्यवहार केल्याचं माझ्या कानावर नाही.

एकदा शेजारच्या वहिनी फाटकाशी थांबवून म्हणाल्या, “तुमच्या घराला पुन्हा आवाज आला बघा.” मला वाटलं भुंकण्याची तक्रार. पण त्या झोपाळ्याबद्दल बोलत होत्या. संध्याकाळी राणी झोपाळ्यावर चढून बसायची, इंजिनिअरची बायको पायाने हलका झोका द्यायची आणि कड्यांची ती जुनी कुरकुर गल्लीत ऐकू जायची. मी तेल घालून ठेवलं होतं कड्यांना, भाड्याने देताना. तेल सुकलं असावं.

एक करार संपून दुसरा झाला आणि तोही सरत आला, तेव्हा त्याच्या रस्त्याचं काम पुढे सरकलं. रस्ता बांधणाऱ्यांचं हे बरं असतं, घर सोडायचं कारण शोधावं लागत नाही. जायच्या दिवशी मी यादी घेऊन गेले. टेबल ठीक, खुर्ची ठीक, झोपाळा ठीक, फरशी होती तशी. शेवटी तो मला पुढच्या दाराशी घेऊन गेला आणि दार आतून लावून घेतलं. सागवानी फळीवर कमरेच्या उंचीला नखांचे ओरखडे होते. दहावीस नव्हेत, एकावर एक, आंबा किसल्यासारखे. “डिपॉझिटमधून कापून घ्या, काकू,” तो खाली बघत म्हणाला. “आधी सुतार बोलवणार होतो. रात्रीचं काँक्रीट असलं की मला दोन-तीन वाजायचे. हा तोवर इथेच उभा असायचा. हिने कितीदा ओढून नेलं, पण गाडीचा आवाज येईपर्यंत जागचा हलायचा नाही.”

बारक्या शेजारीच उभा होता. आपल्यावर काय आरोप आहे ते त्याला कळलं होतं, आणि तो नाकारायचाही नव्हता.

त्या ओरखड्यांच्या बरोबर वर, चौकटीवर, तो काळपट डाग होता. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये मी नववीत होते. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे शेतकरी याच हायवेवर ठाण मांडून बसले होते. माझे काका त्या रस्त्यावर आणि वडील व्यापाऱ्याच्या वखारीत. एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ भावाच्या दोन बाजूंना. आई जेवणं झाकून ठेवायची आणि चौकटीला हात टेकून दारात उभी राहायची, दोघांसाठी. केसांना तेल लावून हात तसाच. सहा एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. त्या रात्री ती किती वाजेपर्यंत उभी होती ते मला माहीत नाही, मी दाराशीच पेंगून पडले होते. आमचे दोघेही परत आले. पण ती सवय तिला लागली ती लागलीच. वडील निवृत्त होऊन सोप्यात पेपर वाचत बसले तरी संध्याकाळी ती दारात येऊन एकदा हात टेकून जायची. दर दिवाळीला रंगारी तो डाग झाकायचा, आणि आषाढापर्यंत तो पुन्हा वर यायचा.

मी डिपॉझिट पुरतं परत केलं. इंजिनिअरने नको नको म्हणत घेतलं. बारक्याची घडी घालून त्याला गाडीत बसवायला दोघांना बराच वेळ लागला.

आता त्या घरात एक बँकवाले आलेत. त्यांना कुत्रं नाही. जुळी मुलं आहेत, अडीच वर्षांची. एजंट म्हणाला होता, “पोरं जरा दंगेखोर हाईत.” टायपिस्टाने मुलांना राहणाऱ्यांत लिहिलं, तिथे त्याला काही पेच पडला नाही. यादी मात्र मीच करायला घेतली, आता मला सवय झाली आहे. पोरं झोपाळ्याच्या कड्यांना लोंबकळत होती आणि त्यांचे वडील कागद धरून माझ्यामागून येत होते. पुढच्या दाराशी ते वाकले. “हे ओरखडे केवढे! कुत्रं होतं काय तुमच्याकडं?”

“होतं की,” मी म्हणाले, आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं : जुने.