डोळा माशाचा, जावईबापूंचा नव्हे

सिंगापूर,
गुरुवार, कुकरची दुसरी शिट्टी

ती. आईस सा. नमस्कार,

पार्सल पोचलं. मेतकूट, कुळथाचं पीठ आणि घरच्या काजळाची डबी. डबीवर तुझ्या अक्षरात ‘अभिजितरावांच्या डोळ्यासाठी’! अगं, परवा फोन मधेच तुटला. ‘डोळा उतरलाय त्याचा, सारखा खालीच बघतो,’ हे मी घरमालकाच्या माशाबद्दल सांगत होते. तुझे जावईही खालीच बघतात, पण मोबाइलमध्ये; त्याला काजळाचा उपयोग नाही. पमामावशीने एव्हाना गल्लीभर केलं असेलच. तिलाच निस्तरायला सांग.

हा मासा म्हणजे ॲरोवाना. इथले चिनी लोक त्याला ड्रॅगन मासा म्हणतात, घरात लक्ष्मी आणतो म्हणे. आमच्याकडे भाड्याच्या घराबरोबर आलाय, आणि लक्ष्मी दर महिन्याला मालकाकडेच जाते. किंमत तीन हजार डॉलर. म्हणजे दोन लाख रुपये, आई! बाबांना सांगू नकोस, ‘दोन म्हशी आल्या असत्या’ म्हणतील. म्हशी दूध तरी देतात. हा कोळंबी खातो आणि रागाने बघतो, तेही एकाच डोळ्याने.

वर त्याचे कागद! रानातला ॲरोवाना संपत चाललाय, म्हणून परवानगीने पैदास केलेलेच विकता येतात. प्रत्येकाच्या अंगात बारीकशी चिप, तिला नंबर, नंबराला प्रमाणपत्र. आपल्या शेताचा सातबारा तीन पिढ्या सरळ होत नाही आणि हा स्वतःचा उतारा अंगात घेऊन पोहतो. मालकाने ते प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिलंय. आमच्या लग्नाचा दाखला कुठे आहे, देव जाणे.

डोळा का उतरतो, यावर मात्र जितकी तोंडं तितकी मतं. नदीत हा पाण्यावरचे किडे टिपतो, उडी मारून फांदीवरचेसुद्धा, नजर वर. टाकीत खाणं तळाला बसतं आणि आमचा ओजू समोर फरशीवर गाड्या फिरवतो, म्हणून दिवसभर नजर खाली. मासेवाला म्हणतो, चरबट खाण्याने डोळ्यामागे चरबी साठते. शेजारच्या आजी म्हणतात, काचेवर आपटला असेल. कुणी आईबापांवरून आलंय म्हणतं. मला वाटतं, थोडं थोडं सगळंच. इथे माशाला भूल देऊन, डोळ्यामागचं मांस सैल करून डोळा वर सरकवणारेही आहेत! नानाकाका मोतीबिंदूला अजून नाहीच म्हणतायत ना? त्यांना हे जरूर सांग.

आम्ही स्वस्तातलं केलं. पाण्यावर पिंगपाँगचा चेंडू सोडला, कोळंबी कमी केली आणि टाकीच्या काचेला खालून वीतभर कागद चिकटवला. तुझ्या पार्सलमधल्या वर्तमानपत्राचाच. चिकटवता चिकटवता वाचत बसले: आपल्या भागात मंगळवारी पाणी नाही. कुठला मंगळवार कोण जाणे, पण मी मनातल्या मनात पिंप भरून ठेवलं. दुसऱ्या पानावर बाबांचं शब्दकोडं, पेन्सिलीने, खाडाखोड तश्शीच. तिथेच फतकल मारून बसले. भात लागला.

सुमीचं कुठवर आलं? मुलगा पुण्याचाच असेल तर हो म्हणा, लांबचा नको.

बाबांना सांग, उभे सात ‘पाणवठा’ आहे. मी भरलंय.

तुझी,
मनू

ता. क. डबी वाया गेली नाही. ओजूला तीट लावली.