आहार सुधारू इच्छिणाऱ्या नगरकरांसाठी प्राथमिक सूचना

ज्यांच्या हाती रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट नुकताच पडला आहे, किंवा ज्यांची मुलगी पुण्याहून सुट्टीला येऊन ‘पप्पा, तुमच्या ताटामुळे पृथ्वी तापतेय’ असे सुनावून परत गेली आहे, अशा नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील रहिवाशांसाठी या सूचना आहेत. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे जेवावे.

पूर्वतयारी. पहिल्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नये. नवशिक्याचा हात आधी किनोआच्या पाकिटाकडे जातो. किनोआ उत्तम धान्य आहे. अँडीजच्या डोंगरातल्या लोकांनी ते हजारो वर्षे खाल्ले, त्यांना ते लाभलेही. पण ते पाकीट सावेडीच्या दुकानात पोचेपर्यंत जो प्रवास करते, तो आपल्या घराण्यात आजवर कोणी केलेला नसतो.

सूचना पहिली : ज्वारी ओळखणे. ज्वारी म्हणजे शालू, रब्बीची. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव या भागात पावसाळा सरता सरता ती पेरतात. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती चारेक महिन्यांत हाती येते. एखादे पाणी मिळाले तर दाणा भरतो, नाही मिळाले तरी ती रुसून बसत नाही. दाणा माणसाला, कडबा गुरांना, धसकटे चुलीला. परिसंवादात ज्याला शाश्वत आहार म्हणतात तो हा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती अशी वाणे दिली, तरी दुकानदार डोळा न लववता ‘मालदांडीच आहे’ म्हणून सांगतो. वाद घालू नये, दाणा चावून पाहावा.

ज्वारी गव्हापेक्षा महाग निघाली म्हणून दचकू नये. ती उपटायला माणसे लागतात, कणसे भरली की पाखरे राखायला माणूस लागतो, आणि आता दोन्ही मिळत नाहीत. शिवाय रेशनवर वर्षानुवर्षे मुख्यतः गहू-तांदूळच येत राहिले. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आहे. त्यांच्यापुढे ‘मिलेट’ हा शब्द जपून काढावा. त्यांनी सुकडी खाऊन खडी फोडली आहे, आणि घरात रोज गव्हाची पोळी होणे हीच त्यांच्या लेखी प्रगती होती. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

सूचना दुसरी बाजरीबद्दल आहे. बाजरी हिवाळ्यात खावी, पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे, नाहीतर कडू होते. संपली. (संयुक्त राष्ट्रांच्या २०२३च्या भरडधान्य वर्षात बाजारात आलेली बाजरीची बिस्किटे घ्यायची असल्यास पाकिटाची मागची बाजू वाचावी. बाजरीच्या आधी काय लिहिले आहे ते कळेल.)

सूचना तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक पुरुष वाचक ती गाळतात. रिपोर्ट आल्याच्या संध्याकाळी घरातला कर्ता पुरुष जाहीर करतो, ‘आजपासून आपण भाकरी खायची.’ यातले ‘आपण’ खाण्यापुरते असते. पोळ्या सकाळी एकदम करून डब्यात ठेवता येतात. भाकरी मात्र माणूस ताटावर बसल्यावर तव्यावरून उतरावी लागते. म्हणजे घरात चार माणसे चार वेळांना जेवत असतील, तर एक बाई चार वेळा गॅसपाशी उभी. शाश्वत आहारावरच्या लेखांत पाण्याचा हिशेब असतो, कार्बनचा असतो, या उभे राहण्याचा नसतो.

म्हणून नियम असा, की ज्याचा रिपोर्ट त्याची भाकरी. पीठ ताजे घ्यावे. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते, मग पिठाला आणि गिरणीवाल्याला दोष देता येतो, पण पोट भरत नाही. पाणी कढत घ्यावे. एका भाकरीपुरतेच पीठ मळावे आणि तळहाताच्या बुडाने चांगले रगडावे. नवशिके इथेच कंटाळतात. थापताना खाली कोरडे पीठ असू द्यावे, बोटांनी भाकरी फिरती ठेवावी. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकत आले की उलटावी. उशीर झाला तर भेगा पडतात, घाई केली तर तव्याला चिकटते. शेवटी विस्तवावर फुगली तर कोणाला हाका मारून दाखवू नये. घरातल्या बायकांनी ते रोज पाहिलेले असते. आई किंवा सासूबाई दारात उभ्या असतील तर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू नये.

सूचना चौथी : चहा. आपला जिल्हा साखरेचा. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना लोणीजवळ प्रवरानगरला १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे ते काम मोठे होते, त्याने शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि सगळा वेळ पाणी पितो, हेही खरे. हिवरे बाजारने हे ओळखून पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पाडली. शिल्लक पाणी पाहून पिके ठरतात आणि उसाला तिथे थारा नाही. तुमच्या कपातले दोन चमचे हा याच हिशेबाचा तळाचा आकडा. व्यवहारात मात्र बिनसाखरेचा चहा मागितला की यजमान विचारतात, ‘शुगर निघाली का?’ सरळ ‘हो’ म्हणावे. पर्यावरणासाठी म्हणालात तर चहा निवतो आणि बुंदीचा लाडू पुढे येतो.

सूचना पाचवी : पालेभाजी. केल नावाचा पाला शोधत फिरू नये. घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी या भाज्या बांधावर फुकट उगवतात. अडचण एवढीच, की त्यांना आता तण म्हणतात आणि तणनाशकाने मारतात. तेव्हा भाजी खुडण्याआधी रानाच्या मालकाला फवारणी कधी झाली ते विचारावे. आपण आधी पालेभाजी मारतो आणि मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायला बसने नगरला जातो, हा आपला खास शोध. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्याची कितीतरी गावठी वाणे त्यांनी राखून ठेवली, पसरवली. २०२०च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव होते आणि हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचेही. एकाच जिल्ह्यातून एकीला बियाण्यासाठी, एकाला पाण्यासाठी. आणि आपण विचारतो की डाएट प्लॅन कुठे मिळेल.

हुलगा : माडगे करावे, शेंगोळे करावेत. हुलगा घोड्यांचे खाद्य आहे असे पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतोच. त्याला दुसऱ्यांदा वाढावे.

हुरडा : पुण्याहून दोन तास गाडी हाकून येऊन, प्लास्टिकच्या ताटलीत खाऊन, पुन्हा दोन तास गाडी हाकत परत गेल्यास त्यास पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. चविष्ट म्हणता येईल.

शंकासमाधान.

मटण चालेल का? पारनेरच्या माळावरचा पाला खाऊन वाढलेला बोकड असेल आणि महिन्यातून एखादा रविवार असेल, तर चालेल. रोज रविवार नसतो.

लग्नाच्या पंगतीत काय करावे? जेवावे.

बायको माहेरी गेल्यावर भाकरीचे काय? सूचना तिसरी गाळलेली दिसते. ती वाचावी.