अंशतः सहमत

आमच्या सरांचा हुकमी शब्द ‘स्ट्रक्चरल’. सिडकोत नळाला आठव्या दिवशी पाणी आलं तरी स्ट्रक्चरल, पोरं नापास झाली तरी स्ट्रक्चरल. गेल्या वर्षीचं माझं मानधन दिवाळी उलटली तरी निघालं नव्हतं, तेव्हाही सरांनी खांद्यावर हात ठेवून तेच निदान केलं. मी त्यांच्याच समाजशास्त्र विभागात सीएचबीवर आहे. म्हणजे नेट, पीएचडी सगळं झालंय, पैसे मात्र तासावर आणि मे महिन्यात तासच नाहीत.

सरांचं सगळं करिअर खाउजावर, म्हणजे खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणावर उभं आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग करणारे आले, त्यांच्या मागोमाग कंत्राटदार आले आणि कंत्राटी कामगारांच्या मागोमाग पीएचडीसाठी सर आले. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातल्या बड्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या. त्याच वर्षी यूजीसीने बढतीसाठी शोधनिबंध मोजणारे एपीआयचे गुण आणले. सरांनी मर्सिडीज आणि विषमता यांवर चार शोधनिबंध लिहिले. गाडीला चाकं चार, तसे विषयाला निबंध चार. शहरातली विषमता होती तिथेच राहिली, सर मात्र प्रोफेसर झाले.

हल्ली ते गिग कामगारांकडे वळलेत. भर दुपारी बिर्याणी घेऊन आलेल्या पोराला त्यांनी फाटकातच अल्गोरिदम समजावून सांगितला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते, इथून सुरुवात झाली. पोराचा फोन वाजत होता. पुढची ऑर्डर बोंबलली, तेव्हा सर २०२९-३० च्या २ कोटी ३५ लाखांपर्यंत पोचले होते.

बजाजनगरच्या एका चहाच्या टपरीवर आमचा सर्व्हे चालू होता. प्रश्नावल्या छापून आणणं, वाटणं आणि भरून घेणं माझ्याकडे, ‘फील्ड’ सरांकडे. रात्रपाळी करून आलेला एक हेल्पर समोर बसला. सरांनी वाचलं, “तंत्रज्ञानामुळे आपल्या कार्यस्थितीत लक्षणीय बदल झाला, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?”

तो म्हणाला, “वेल्डिंगला रोबोट आलाय सर. त्यो चहाला जात नाही. म्हणून आता आम्हालाबी जाऊ देईनात.”

सर विचारात पडले. “म्हणजे ‘अंशतः सहमत’ लिहू?”

“लिहा की. आन् नऊ वर्षं झाली मला हितं. पण कंत्राटदार बदलला की मी पुन्हा नवाच.”

सरांचा चेहरा उजळला. “हाच तो प्रिकॅरिअट, असुरक्षित श्रमिकांचा वर्ग! गाय स्टँडिंग, २०११!” पाठोपाठ ब्रेमन, कॅस्टेल्स असे सगळे अभ्यासक त्या टपरीवर येऊन गेले. हेल्परने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही परमनंट हाय का?”

“नाही. सीएचबी. तासावर.”

“पीएफ?”

“नाही.”

त्याने टपरीवाल्याला हाक मारली, “मामा, या सरांचा चहा माझ्याकडं लावा.”

सरांनी तत्परतेने वहीत नोंद केली : ‘परस्पर सहकार्याची भावना आढळते.’

परतताना वाळूजजवळच्या पंढरपूरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि सरांना नवा प्रकल्प सुचला : ‘उच्चशिक्षितांमधील कंत्राटी श्रम’. विषय अगदी अस्पर्शित आहे म्हणाले, नमुना मिळणंच अवघड. तो शोधायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय. मानधनाची तरतूद नाही, पण ऋणनिर्देशात नाव नक्की येणार आहे.