मायेचं अंदाजपत्रक

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत मुलांना राग आवरायला शिकवायचं, तर अनुदानाचा अर्ज भरणाऱ्याला तो आधी आवरता यावा लागतो. २०१५च्या शिक्षण कायद्यात उपक्रम उपयोगी पडतो याच्या पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत. रुसलेल्या मित्राची समजूत कशी काढावी हे शिकवणारा उपक्रम त्यातल्या कोणत्या पायरीवर बसतो, ते आधी दाखवायचं.

२०२१मध्ये मात्र पैशांचा पाऊस पडला. कोविडनंतर शाळांना १२२ अब्ज डॉलर मिळाले. बुडालेला अभ्यास भरून काढताना मुलांच्या भावनिक गरजाही बघा, असं खुद्द पैसे देणारा कायदाच म्हणाला.

एप्रिल २०२२मध्ये फ्लोरिडाने गणिताची १३२पैकी ५४ पुस्तकं नाकारली. दिलेल्या कारणांत सामाजिक-भावनिक शिक्षणही, म्हणजे हेच राग आवरणं आणि समजूत काढणं, होतं. बेरीज करावी, पण ती मनाला लावून घेऊ नये!

सप्टेंबर २०२४मध्ये कोविडच्या पैशाची मुदत सरली. एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने शाळांतल्या मानसिक आरोग्याची सुमारे १ अब्ज डॉलरची अनुदानं पुढे चालू न ठेवण्याचं कळवलं.

राहता राहिली शिक्षकांची पदरमोड. तिच्यावर २०२५च्या प्राप्तिकरात ३०० डॉलरपर्यंत वजावट होती. तिथे पुराव्याची पायरी लागत नाही, पावत्या पुरतात.