तमाम गाडी-सल्लागारांस अनावृत पत्र

प्रति,
सोसायटी, ऑफिस व नातेवाईक यांचे संयुक्त सल्लागार मंडळ,
चिंचवड.

विषय : माझी पहिली मोटारसायकल परस्पर ठरवल्याबद्दल आभार.

स. न. वि. वि.

चाकणच्या एमआयडीसीत रोज जायला-यायला गाडी घ्यावी म्हणते, एवढं एकच वाक्य मी लिफ्टमध्ये बोलले. तिसरा मजला येईपर्यंत माझी बुलेट ठरली होती.

बी विंगच्या काकांचा मुद्दा बिनतोड होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग साडेतीनशेचीच का घेऊ नये? तो शंभर सीसीवरही तेवढाच उतरलाय, हे मी काकांना सांगितलं नाही. तरुणपणी राहून गेलेली येझदी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण काका, बुलेटचं वजन १९५ किलो. आपल्या पार्किंगमध्ये खांबामागून ती उलटी काढायची, तर रोज सकाळी मंडळाची बैठक बोलवावी लागेल.

शिकाऊ माणसाची गाडी आडवी होते ती बहुतेक वेळा जागच्या जागी. सिग्नलला क्लच पटकन सुटला, यू-टर्नला गाडी बंद पडली, टेकवलेल्या पायाखाली खडी आली. म्हणून मी आधी वजन पाहिलं आणि सीटची उंची. स्प्लेंडर ११२ किलोची, सीट ७८५ मिलिमीटरवर. दोन्ही पाय टेकतात, आणि कलंडायला लागलीच तर सावरून धरता येते. यावर भाचा म्हणाला, ‘‘मावशी, दूधवाल्याची गाडी?’’ होय रे बाबा. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटेच्या अंधारात खड्डे पार करणाऱ्या माणसाला गाडीतलं कळत असावं, असं मी धरून चालते. तुला आवडलेल्या गाडीवर बसले तर माझे फक्त अंगठे टेकतात. साडीगार्ड काढून टाकायची तुझी सूचनाही नोंदवून घेतली आहे. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असा नियम आहे, आणि माझी ओढणी त्या नियमाच्या बाजूने आहे.

आत्या, तुझं म्हणणं, बाईमाणसाने स्कूटरच घ्यावी. सोपी असते, कबूल. गिअरची कटकट नाही, डिकीत डबा मावतो. पण बऱ्याच स्कूटरांचं मागचं चाक १० इंची, आणि स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलींची दोन्ही चाकं १८ इंची. पावसाळ्यात चाकणच्या तळेगाव चौकातला खड्डा स्वार बाई की पुरुष ते विचारत नाही, चाक केवढं ते विचारतो.

ऑफिसातल्या मंडळींनी ‘ॲव्हरेज किती देते?’ याखेरीज प्रश्नच विचारला नाही. एक गाडी साठ देते, दुसरी पासष्ट, यावर कँटीनमध्ये दोन तट पडले. माझं जाणं-येणं चाळीस किलोमीटर धरा, पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरा. फरक पडतो रोज पाच रुपयांचा. वाद घालताना तुम्ही प्यायलेला चहा त्याहून महाग होता.

ब्रेकबद्दल मात्र मंडळाचा एकही ठराव नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याखाली निदान सीबीएस हवं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवख्याचा घाबरलेला पाय मागच्याच ब्रेकवर जातो, तेव्हा ही सोय बरी. पण गाडी खरी थांबते ती पुढच्या ब्रेकने, आणि भर पावसात तिथे ड्रमपेक्षा डिस्क असलेली मला हवी आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजेन. शोरूममधल्या मुलाने मला आधी सीट कव्हर दाखवलं, मग क्रॅश गार्ड, मग हप्ता. डिस्कचं मॉडेल मलाच विचारावं लागलं.

शेवटी मी आले आहे १२५ सीसीवर. गावातल्या गावात शंभर पुरते. पण मोशीच्या पुढे नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या बाजूने निघायचं तर थोडा दम जास्त लागतो. शाइन १२५ डिस्कसह ११४ किलोच्या आसपास भरते, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा दोनच किलो अधिक. काका, तुमचा मान म्हणून पंचवीस सीसी वाढवले असं समजा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ए विंगमधली शिकाऊ

ता. क. : शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. तोवर मागे बसवायचा तो शिकवणारा, पक्कं लायसन असलेलाच माणूस. आठ काढायचा सराव रविवारी पहाटे सहाला, शाळेमागच्या मैदानात. हेल्मेट ज्याचं त्याने आणायचं, आयएसआय मार्कचं. मंगळवारपासून ग्रुपवर विचारते आहे. आतापर्यंत फक्त आत्याने अंगठा टाकलाय, आणि तिचं लायसन बिनगिअरच्या गाडीचं आहे.