प्रदूषणामुळे प्रॅक्टिकल पुढे ढकललं

मुलीने बी.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा कराडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, बारावीला एवढे मार्क पडले आणि पोरीला झाडं लावायला पाठवलंस होय? आपल्या नानांनी अख्खी आमराई उभी केली, त्यांच्याकडे कुठली डिग्री होती?"

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. या विषयाची पत घालवली ती सर्वोच्च न्यायालयाने, तीही चांगल्या हेतूने. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर 1991 साली न्यायालयाने पर्यावरण सगळ्यांना सक्तीने शिकवा म्हणून सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने सावकाश, म्हणजे बारा-तेरा वर्षांनी, पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा पेपर लावला. त्याचं पाठ्यपुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. पण सक्तीचा पेपर पोरं कशी सोडवतात हे आपल्याला ठाऊक आहे. बी.कॉम. झालेल्या प्रत्येकाने 'ओझोनचा थर' हा प्रोजेक्ट कुणाचा तरी बघून रातोरात उतरवलेला असतो. त्यामुळे ही अर्धी पदवी आपल्याकडेही आहे, अशी त्याची खात्री असते.

आम्ही राहतो मानेसरला. दिल्ली-जयपूर हमरस्त्यावरची ही वसाहत, उत्तरेतलं चाकणच म्हणा. मारुतीचा मोठा कारखाना इथे, आणि त्याच्या अवतीभवती सुटे भाग करणारे आम्ही बाकीचे. कडेला अरवलीच्या टेकड्या. त्यांच्यावर मूळचा धोक कमी आणि विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, जास्त. मी सायलेन्सर बनवणाऱ्या कंपनीत आहे. म्हणजे जो धूर मुलगी मोजते, त्याला बाहेर काढून द्यायचं काम बाप करतो. फी त्याच पगारातून जाते, हे मी जेवताना अधूनमधून सुचवतो. ती "कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, बाबा" म्हणते आणि पोळी वाढून घेते.

या विषयात झाडं लावणं फारसं नसतंच. असतं ते मोजणं. पहिल्या वर्षी तिने पांढऱ्या पुठ्ठ्याला व्हॅसलीन फासून तो गॅलरीत टांगला. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग माझ्या ऑफिसच्या पँटसारखा झाला होता. बायको खूश झाली. "बघा, मी दिवसातून दोनदा केर काढते ते काय हौस म्हणून?" पुठ्ठा जर्नलला लावण्याआधी आठवडाभर फ्रिजवर पुरावा म्हणून लटकत होता.

मग आली विंकलरची पद्धत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा. बाटली काठोकाठ भरायची, बूच लावताना आत एक बुडबुडा राहिला तरी सगळं वाया. त्यात दोन रसायनं घातली की साका बसतो. तो तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. तपकिरी निघाला तर पुढे आम्ल, मग थायोसल्फेट थेंबथेंब सोडत निळा रंग उडेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. नाल्याचं पाणी आणलं त्या दिवशी साका पांढराशुभ्र बसला. सगळा वर्ग लवकर घरी. गुरुग्रामचं सांडपाणी ज्या नजफगढ नाल्यात जातं, तो मुळात साहिबी नदीचा प्रवाह, हेही आम्हाला त्याच दिवशी कळलं. दिल्लीकरांनी नदीला नाला करून टाकलं. आपण पुणेकरांनी हसायला नको, मुठेकडे बघून सांगतो.

खरी धमाल नोव्हेंबरात. हवेचा निर्देशांक पाचशेवर संपतो. धूर संपत नाही, पट्टी संपते. 401 झाला की 'ग्रॅप'चा, म्हणजे हवा बिघडेल तसे निर्बंध वाढवत नेणाऱ्या योजनेचा, तिसरा टप्पा, 450 च्या वर चौथा. तिसऱ्या टप्प्यात गुरुग्राम जिल्ह्यात बीएस-4 डिझेल गाडी रस्त्यावर आणायची नाही. माझी नेमकी तीच. सकाळी मोबाईलवर आकडा बघून मुलगी पंचांग सांगावं तसं सांगते, "बाबा, आज गाडी नाही." चौथ्या टप्प्यात कॉलेजं ऑनलाइन होऊ शकतात. एका वर्षी तशी झाली, नेमकं तेव्हाच त्यांचं हवेचे नमुने घेण्याचं प्रॅक्टिकल होतं. गच्चीवर यंत्र बसवून काचतंतूच्या फिल्टरवर धूळ जमवायची. नोटीस आली: वायुप्रदूषणामुळे वायुप्रदूषणाचं प्रॅक्टिकल पुढे ढकलण्यात येत आहे. पुढे हवा सुधारली, प्रॅक्टिकल झालं आणि फिल्टरवर धूळ कमी आली म्हणून पोरं हिरमुसली.

बहिणीला मात्र मी आता ठणकावून सांगतो. पाण्याचा कायदा 1974 चा, हवेचा 1981 चा, पर्यावरण संरक्षणाचा 1986 चा. त्यांच्या धाकाने कारखान्यांना प्रदूषण मंडळाची संमती काढावी लागते, सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी बसवावा लागतो, आणि तो चालतो की साहेब येणार म्हणून नुसता रंगवलाय, हे ओळखणारं माणूस लागतं. ते बी.कॉम.च्या प्रोजेक्टमधून तयार होत नाही.

तेव्हा चाकण, रांजणगाव, तळोजा, कुठेही अशी जागा असेल तर वाचकांनी जरूर कळवावं. मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, टायट्रेशनला हात स्थिर आहे, आणि साहेबांची गाडी बीएस-किती हे पहिल्याच दिवशी विचारते.