गोदेच्या शेवाळाचे कूळ : एक अल्पमीमांसा

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे म्हणतात. नाशिककरांनी हा दंडक केव्हाच मोडला आहे. गौतम ऋषींची कथा इथे घरोघरी ठाऊक, आणि गोदेचे मूळ लोक ब्रह्मगिरी चढून पाहून येतात. उरले नदीतल्या शेवाळाचे कूळ. विद्वानांच्या अनास्थेमुळे ते काम प्रस्तुत लेखकावर येऊन पडले.

विषय : क्लोरेला हे एकपेशीय हिरवे शेवाळ. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० साली त्याचे बारसे केले. समजा, त्याची एक शाखा गंगापूर धरणाच्या निवळ पाण्यात अर्धपोटी वाढली आणि दुसरी तपोवनाच्या खाली, सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर गलेलठ्ठ झाली. दोघींना फॉस्फरस नसलेल्या एकाच पाण्यात सोडले, तर वरचढ कोण?

पूर्वपक्ष : जात एक, जनुके एक, पाणी एक, तेव्हा बरोबरी. जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांच्या सूत्रातही वाढीचा वेग बाहेरच्या अन्नावरच ठरतो.

खंडन : मायकेल ड्रूप यांनी ब-१२ जीवनसत्त्वावर शेवाळ वाढवून १९६८ मध्ये दाखवले की, वाढ ठरते ती पेशीच्या पोटातल्या साठ्यावर. सुबत्तेत क्लोरेला गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट ओढून पॉलिफॉस्फेटच्या रूपात दडवते. म्हणून तपोवनकरीण उपासातही वंश वाढवते. गंगापूरकरीण खोळंबून राहते.

मर्यादा : क्लोरेलाची आई पोटातच बहुधा चार लेकी घडवते आणि फुटून जाते. ठेव लेकींत चौथाई, नातींत सोळावा हिस्सा. जुन्या नाशकातल्या वाड्यांची गत अशीच झाली; इथे आईच उरत नसल्याने कोर्टकज्जा तेवढा वाचतो. दोन-तीन पिढ्यांत तपोवनकरही कफल्लक.

अपवाद : मध्येच फॉस्फेटचा लोट आला, तर उपाशी पेशी तो अधिक वेगाने ओढतात. भुकेची हीच काय ती कमाई.

सिद्धांत : आजीचे खाणे नातीची लायकी नव्हे, तर नातींची गर्दी ठरवते. ठेव आटली तरी सोळापट झालेली डोकी मागे उरतात, आणि इतरांचे ऊन अडवायला डोकी पुरेशी असतात.

तपोवनच्या शाखेचे अन्नदाते मात्र आपणच. २०२७ च्या सिंहस्थ स्नानांना हिरव्या पाण्यात बुडी मारायची नसेल, तर शेवाळाची वंशावळ सोडा आणि गोदेला मिळणारे नाले आधी अडवा.